आमटी किती मिलिलिटर

तुम्ही माझ्या बापाला चोर म्हणालात. दहा माणसांसमोर म्हणालात आणि म्हणताना हसलात.

"आजोबा चोरून पाणी पितात. मावशी, माठाला कुलूप लावा."

तुम्हाला ते आता आठवणारही नाही. त्या सकाळी आणखी चार जणांना तुम्ही तेच ऐकवलं असेल. मला वारही आठवतो, शुक्रवार. माझ्या बापाचा एक पाय वजनकाट्यावरून खाली आला होता, दुसरा अजून काट्यावर होता. मंगळवारी डायलिसिस करून घरी गेला, त्यापेक्षा तो चार किलो दोनशे ग्रॅम जास्त भरला होता. तीन दिवसांत कुणी चार किलो अन्न अंगाला लावून घेत नाही, अंगात साठतं ते पाणी, एवढं मलाही कळतं. पण ते आलं कुठून, हे विचारायला तुम्हाला अर्धं मिनिट नव्हतं. चोर म्हणायला मात्र होतं.

तुमचं नाव लिहीत नाही, डायलिसिस सेंटरचंही लिहीत नाही. सांगलीत अशी सेंटरं बरीच आहेत. ज्याला टोचेल त्यानं आपलं समजावं.

आधी हा माणूस कोण ते ऐका, कारण तुमच्या फाइलीत ते नाही. धोंडिराम, वय अडुसष्ट, गाव उंब्रज. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. बत्तीस वर्षं त्यांनी दुधाचा टँकर चालवला. फलटणकडं भरायचा, पुण्याला खाली करायचा. दहा हजार लिटर. टँकरच्या ड्रायव्हरकडं सगळी दुनिया एकाच नजरेनं बघते. वाटेत शंभर लिटर काढलं असेल, तेवढंच पाणी ओतलं असेल. म्हणून भरताना टाकीत मापाची काठी सोडतात, खाली करताना परत सोडतात, आणि दोन्ही आकडे जुळले की मगच सही मिळते. तात्यांची काठी बत्तीस वर्षं जुळली. जुळली म्हणजे जुळलीच. रिटायर झाले तेव्हा दूध संघाच्या मॅनेजरनं त्यांना ती काठीच भेट दिली. पितळी, आकडे झिजलेली. आईनं ती कपाटावर आडवी ठेवली आहे आणि दर रविवारी पुसते. अशा माणसाला तुम्ही ग्लासभर पाण्यासाठी चोर म्हणालात.

दोन वर्षांपूर्वी बीपीनं त्यांच्या किडन्या खाल्ल्या. आई-तात्या उंब्रज सोडून सांगलीत माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत आले. मंगळवार, शुक्रवार डायलिसिस. पहिल्याच दिवशी तुम्ही एक कागद दिलात. मीठ कमी, केळी नको, नारळपाणी नको, आणि खाली ठळक शाईत: 'पाणी, चहा, दूध मिळून रोज १ लि.'

तात्यांनी तो कागद लांब धरून दोनदा वाचला आणि आईला म्हणाले, "सुले, दहा किलोलिटर घेऊन फिरत होतो. आता येक लिटर. दहा हजारानं भागलं की गं मला."

आई, सुलाबाई, चौथी शिकलेली. ती म्हणाली, "भागू दे. येक तर येक. पर त्यो येक मी बरोबर मोजणार."

आणि तिनं मोजला. कसा मोजला ते तुम्ही ऐकायलाच पाहिजे.

घरात मापं होती ती तांब्या, फुलपात्र, कप आणि पळी. कागदावर लिटर. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण होतं, त्यावर दहा एमएलची रेघ होती. आई स्वयंपाकघरात फरशीवर बसली आणि झाकणानं फुलपात्र भरायला लागली. तात्या शेजारी भिंतीला टेकून मोजत होते. "बावीस, तेवीस, चोवीस. बास, काठाला आलं. चोवीस दाहे दोनशेचाळीस."

"मी तर पावशेर धरत हुते."

"पावशेर इसर आता. ते शेर गेलं, पावशेर गेलं. ह्यात फकस्त एमेल."

कप नव्वद भरला. मोठा कप होता तो एकशे साठ भरला, तर आईनं तो उचलून फळीवर मागं टाकला. "ह्यो पावण्यास्नी." तांब्या झाकणानं मोजायला घेतला आणि चाळीस झाकणांनंतर दोघांचंही मोजणं चुकलं. एक म्हणे बेचाळीस, दुसरं म्हणे चव्वेचाळीस. भांडले. तात्या म्हणाले, "थांब. ही ड्रायव्हरची कामं." त्यांनी खराट्याची एक जाड काडी काढली. एक लिटरची पाण्याची रिकामी बाटली घेतली, ती काठोकाठ भरून उभट स्टीलच्या डब्यात ओतली, काडी बुडवली आणि जिथपर्यंत भिजली तिथं नखानं खूण केली. मग अर्धी बाटली, मग पाव. मधल्या खुणा झाकणानं. संध्याकाळपर्यंत पन्नास-पन्नास एमएलच्या वीस खुणांची काडी तयार. टँकरची काठी कपाटावर आणि ही तिची नात डब्यात.

पद्धत अशी ठरली. सकाळी सहाला डब्यात बरोबर एक लिटर पाणी भरायचं. दिवसभराचं सगळं त्याच डब्यातून. तात्यांनी नव्वद एमएल चहा घेतला, की डब्यातून नव्वद काढून कढीपत्त्याच्या कुंडीत ओतायचं. म्हणजे डबा खरं बोलतो. गोळ्यांबरोबर पन्नास, डब्यातून. रात्री झोपताना डब्यात जे उरेल ते तात्यांचं, ते त्यांनी सावकाश घोट घोट प्यायचं. एखाद्या दिवशी दीडशे उरायचं, तर तात्यांच्या तोंडावर असा आनंद यायचा की लॉटरी लागली.

गावाकडून माणसं यायची. "जय भीम, धोंडिरामदा," म्हणत आत येऊन बसायची. आपल्याकडं घरी आलेल्यानं चहा घ्यायचा आणि घरातल्यानं त्याच्याबरोबर घ्यायचा. नुसता बघत बसला तर आलेला माणूस कप खाली ठेवतो. मग आई त्यांना कप द्यायची आणि तात्यांना ते झाकण रेघेच्या वर काठोकाठ, वीस एमएल चहा. मोठ्या ताटलीत मधोमध ते झाकण. तात्या ते उचलून, फुंकर मारून, असे प्यायचे की बघणारा हसून गार.

"काय हे धोंडिरामदा, बारशाची घुटी!"

"वीस एमेल हाय ह्यो. तुज्या कपात आसलं आठ बसतील. मोजून बघ."

मध्ये एकदा तुम्ही नवा कागद दिलात. हात दुसरा होता, अक्षर दुसरं होतं, आणि त्यावर '१००० सीसी' असं लिहिलं होतं. घरात दिवाळी! आई म्हणाली, "येकाचं हजार झालं. आवं, वाढवलं पानी!" मी कामावर होतो, फोन लागला नाही. आईनं आनंदानं तांब्या भरून पुढं केला. माझ्या बापानं तो हातात घेतला, ओठाजवळ नेला, आणि तिथंच थांबला. पहिला कागद आल्यापासून भरलेला तांब्या हातात आला नव्हता.

"थांब सुले. सीसी म्हंजी इंजनाचं माप."

"मग?"

"आपल्या टँकरचं इंजन पावणेसहा हजार सीसीचं. मेस्त्री त्याला पावणेसहा लिटरचं इंजन म्हणायचा. दोन्ही म्हणायचा, माज्या कानानं ऐकलंय." तात्यांनी जरा वेळ डोळे मिटले. "मग हजार सीसी म्हंजी येक लिटर. तेच हाय. वाढवलं न्हाई काय."

आणि तांब्या खाली ठेवला. एक थेंब न पिता. आई मला हे सांगताना तोंडाला पदर लावून बसली होती. एकदा लिटर, एकदा सीसी, आणि तुमची भिंतीवरची पाटी एमएलमध्ये. एका पाण्याला तुम्ही तीन नावं ठेवता आणि उलगडा करायचा आम्ही. ड्रायव्हर होते म्हणून झाला. बस-स्टँडवर शेंगा विकणारा असता तर तांब्या गेला असता पोटात आणि तो गेला असता. असो. त्यावर वेगळं भांडेन.

तर हा माणूस, भरलेला तांब्या ओठापासून मागं घेणारा. ह्याचं वजन वाढत होतं. दर वेळी चार, सव्वाचार, मंगळवारी तर पाच. मशीनवर एवढं पाणी ओढलं की पायात गोळे यायचे, बीपी खाली जायचं, घरी आला की दोन जिने चढताना तीनदा बसायचा. रात्री उशीला उशी लावून बसून झोपायचा. आणि तुम्ही म्हणालात चोर.

त्या शुक्रवारी आईनं घरी येऊन डबा बघितला, काडी बघितली, परत एकदा झाकणानं मोजली. काडी बरोबर होती. मग तिनं तात्यांकडं बघितलं. मला ते बघणं आवडलं नाही.

"आवं," ती म्हणाली, "खरं सांगा. मी वरडणार न्हाई."

"काय सांगू?"

"न्हानीत जाता तवा..."

तात्या भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. सेहेचाळीस वर्षांचा संसार, आणि तुमच्या एका वाक्यानं त्या बाईला नवऱ्याच्या ओठांवर पाणी दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून माठ आतल्या खोलीत गेला. तात्या आंघोळीला गेले की आई दाराबाहेर काहीतरी निवडत बसायची. आत पाण्याचा आवाज थांबला की ती पण निवडायची थांबायची. तात्या चूळ भरायचे तर ती बघायची, थुंकलं का गिळलं. त्यांना ते दिसत होतं. असं चार दिवस चाललं. पाचव्या सकाळी तात्यांनी दोन फुलपात्रं घेतली, आईसमोर बसले. एका फुलपात्रात झाकणानं दहा झाकणं पाणी मोजलं, म्हणजे शंभर एमएल. तोंडात घेतलं, गाल फुगवून खुळखुळवलं, दुसऱ्या फुलपात्रात थुंकलं. आणि दोन्ही तिच्याकडं सरकवली.

"भरलं शंभर, खाली केलं शंभर. टाक काडी."

"आवं, ही काय थट्टा..."

"टाक म्हणतो ना! बत्तीस वर्सं लोकांनी टाकली. तू येक राहिली हुतीस."

आई उठून आत गेली. भांडी जोरात आपटल्याचा आवाज आला. त्या दिवशी आईनं तात्यांच्या आवडीची आमटी केली. येसूर मसाला घालून, लसणाची फोडणी देऊन, मीठ अर्ध्या चमच्यानं कमी. भाकरी चुरून ताटात डोंगर केला, मध्ये खळगा केला आणि आमटी ओतली. एक पळी, दोन पळ्या, आणि मग वर आणखी एक. माफी मागायची तिची हीच पद्धत आहे. तात्यांनी पाच बोटांनी कालवून भुरका मारला आणि म्हणाले, "झकास." म्हणजे माफी पोचली.

पण वजन तेच. चार किलो शंभर. तुम्ही ह्या वेळी नुसती मान हलवलीत, आणि ते चोर म्हणण्याहून वाईट होतं.

मग काय झालं ते सांगतो. उंब्रजला आईच्या भाच्याचं लग्न निघालं. आई जाणार नव्हती. तात्यांनीच धाडली. "जा. माज्यावर पहारा द्यायला प्रिया येईल." प्रिया म्हणजे माझी धाकटी बहीण प्रियदर्शनी, सांगलीतच नर्सरीच्या पोरांना शिकवते. मंगळवारी संध्याकाळी आई एसटीनं गेली आणि प्रिया राहायला आली. तिनं डबा, काडी, झाकण, कुंडी सगळं जसंच्या तसं चालवलं. एक गोष्ट वेगळी. तिला आईसारखी आमटी येत नाही, आणि आली नाही तर तात्या नावं ठेवणार, म्हणून तिनं आमटी केलीच नाही. झुणका केला. बटाट्याची कोरडी भाजी केली. घेवडा केला. तात्या कुरकुरले. "घास उतरत न्हाई गं कोरडा." पण पोरीच्या हातचं म्हणून खाल्लं.

शुक्रवारी काट्यावर उभे राहिले. एक किलो सातशे.

तुम्ही परत बघितलंत. काट्याला टिचकी मारलीत. मग प्रियाला म्हणालात, "व्हेरी गुड. बघा, मुलीनं लक्ष ठेवलं की कसं होतं. आईंना सांगा तुमच्या."

आणि आमच्या प्रियानं, गाढवानं, शनिवारी आई आल्या आल्या ते सांगितलं. आई लग्नातलं लाडवाचं पुडकं हातात घेऊन तशीच उभी.

"म्हंजी मी लक्ष ठेवत न्हाई?"

"आई, तसं नाही गं."

"म्हंजी मी ह्यांच्या चोरीला सामील हाय?"

"अगं कोण चोर?" तात्या कॉटवरून ओरडले. "माज्या पोरीच्या राज्यात मी लिटरच पीत हुतो, तुज्या राज्यात बी लिटरच! इचार डब्याला!"

"मग अडीच किलोचा फरक काय भुतानं पेला?"

प्रिया मध्ये पडली. ती पोरांना शिकवते, तिला एक सवय आहे, दोन चित्रं शेजारी ठेवून फरक शोधायची. म्हणाली, "गप बसा दोघं. आई, तू सकाळपासून रात्रीपर्यंत तात्यांच्या तोंडात काय काय जातं ते सांग. मी माझं सांगते."

चहा, सारखा. गोळ्या, सारख्या. दूध, सारखं. सकाळी नाष्टा, सारखा. दुपारी भाकरी आणि...

"आमटी," आई म्हणाली.

"मी झुणका," प्रिया म्हणाली.

आई म्हणाली, "पर आमटी काय पेतं का कोण? आमटी तर जेवान हाय."

तात्या म्हणाले, "व्हय की. मी आमटी पेत न्हाई, खातो."

हे तुम्ही हसण्यावारी न्याल म्हणून थांबून सांगतो. आमच्याकडं आमटीला कुणी पाणी म्हणत नाही. पाणी तहानेला, आमटी भुकेला. माणूस जेवला का विचारतात तेव्हा आमटी-भाकरी खाल्ली का विचारतात. तुमच्या कागदावर होतं पाणी, चहा, दूध. आई कागद वाचू शकते. तिनं कागदाच्या पुढं एक अक्षर सोडलं नाही आणि मागं एक अक्षर सोडलं नाही. कागदात आमटी नव्हती.

आईनं पुडकं ठेवलं. त्या संध्याकाळी तिनं आमटी केली, नेहमीएवढी, नेहमीसारखी. ताटात भाकरी चुरली नाही. पळी भरून रिकाम्या ताटात नेहमी घालते तेवढी घातली, तिसरी वरची पळी सुद्धा. मग ते ताट तिरकं करून तिनं आमटी डब्यात ओतली. तात्यांनी काडी सोडली. काडी वर काढली, चष्मा लावला, खुणा मोजल्या, परत सोडली.

"चारशेच्या पुढं. साडेचारशेच्या आत." मग त्यांनी वरची आमटी झाकणानं उपसून मोजली. दोन झाकणं. "चारशे वीस."

"किती जेवणं?" प्रिया म्हणाली.

"दोन. आटशे चाळीस. येका दिवसाला," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता, फलटणला टाकी भरताना आकडे पुकारायचे तसा. "मंगळवार ते शुक्रवार तीन दिवस. आटशे चाळीस तिरिक दोन हजार पाचशे वीस एमेल. म्हंजी अडीच लिटर आन वर वीस. पानी आसलं तर लिटरला किलो. दूध आसतं तर तीन टक्के वर भरलं आसतं, पर आमटी पान्यागत धरू. अडीच किलो. भूषण, त्या शुक्रवारी काटा किती हुता?"

"चार दोनशे," मी म्हणालो.

"चार दोनशेतनं अडीच गेलं. ऱ्हायलं येक सातशे. आन काल किती?"

"एक सातशे."

तात्यांनी काडी पुसली. सावकाश, धोतराच्या सोग्यानं, वरपासून खालपर्यंत. "जुळलं," ते म्हणाले. "सुले, काठी जुळली. मी चोर न्हाई."

आई ओट्याला टेकून उभी होती. तिनं पदर तोंडात कोंबला. तिला हसायला येतंय का रडायला हे आम्हाला कळेना, तिलाही कळत नसावं. "न्हाई वो," ती म्हणाली. "तुमी न्हाई. चोर मी. मीच वाढत हुते. वरची पळी मीच घालत हुते."

"ती तर तू लगीन झाल्यापासनं घालतीस."

"म्हणूनच की!"

"मग त्याची चोरी कशी हुईल? तुला कोण बोललं तर मी बघतो. ये हिकडं, बस."

ती बसली. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आमच्यासमोर, जे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. प्रिया लाडवाचं पुडकं सोडायला लागली आणि मी पंखा बघत बसलो.

त्या दिवसापासून आमटी मापात आली. तात्यांना रोज सहा झाकणं आमटी, साठ एमएल, एका जेवणाला, आणि तेवढं पाणी डब्यातून कुंडीत. बाकी भाकरीबरोबर कोरडं. ते भाकरीचा तुकडा आमटीला नुसता लावतात. टिळा लावल्यासारखा. आई तोंड फिरवून बसते. बत्तीस वर्षं धाब्यावर न जेवता आईच्या आमटीसाठी पुण्यावरून उपाशी परत येणारा हा माणूस. त्यांचं दुःख आता वेगळं आहे, पण जिना एका दमात चढतात आणि एका उशीवर झोपतात.

मंगळवारी आई तुमच्याकडं आली ती मोकळ्या हातानं आली नाही. बाटलीत चारशे वीस एमएल आमटी, पिशवीत ताट, डबा आणि काडी. तुमच्या टेबलावर सगळं मांडलं. तुम्ही म्हणालात, "मावशी, हे काय? इथं खायचं आणू नका."

"खायाचं न्हाई साहेब. हे प्यायाचं हाय. तुमच्या कागदात न्हाई ते." आणि तिनं ताटात ओतून, परत डब्यात ओतून, काडी टाकून दाखवलं. हिशोब तोंडपाठ केला होता, एमएलचे लिटर, लिटरचे किलो, कुठंही अडखळली नाही. आजूबाजूचे पेशंट नळ्यांसकट माना वळवून बघत होते.

तुम्ही काय म्हणालात?

"अहो, आमटी लिक्विडच असते ना. हे काय सांगायला लागतं?"

तेवढंच. बत्तीस वर्षं काठी जुळलेला माणूस चार फुटांवर कॉटवर पडला होता. तो वाट बघत होता, मला दिसत होतं. तुम्ही त्याच्याकडं बघून एक वाक्य म्हणायचं होतं. आजोबा, चुकलं. पाच सेकंद लागले असते. तुम्ही म्हणालात, "टेबल पुसून घ्या."

आईनं पुसलं. तात्या घरी येताना रिक्षात म्हणाले, "जाऊ दे. त्यांना लय काम आसतंय." ते असेच आहेत. मी तसा नाही. म्हणून लिहितोय.

आणि तरीही मी हे लिहिलं नसतं. लिहायला बसवलं ते परवाच्या शुक्रवारानं. तुमच्याकडं एक नवीन पेशंट आले, रहिमतपूरचे लालासाहेब. सांगलीला लेकीकडं राहून डायलिसिस करतात. दुसरा आठवडा. पाय सुजलेले, धापा टाकत होते. त्यांच्या बायकोच्या, आक्काताईंच्या, हातात तुमचा कागद होता, चार घड्या घातलेला, घामानं मऊ झालेला. आईनं तो मागून वाचला. पाणी, चहा, दूध मिळून रोज १ लि. तोच ठसा, तीच ओळ. आमटी नाही, कालवण नाही, ताक नाही, आंबील नाही, काही नाही.

आईनं विचारलं, "ताई, समदं मोजता का?"

"थेंबन् थेंब मोजते," आक्काताई म्हणाल्या. "तरी वजन वाढतंय. साहेब म्हणत्यात, हे चोरून पेत्यात." आणि मग खाली वाकून, आईच्या कानाजवळ, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून, "मला बी तसंच वाटाय लागलंय ओ."

आई त्यांच्याजवळ तासभर बसली. झाकण दाखवलं, काडी कशी करायची ते सांगितलं, वरच्या पळीचं सांगितलं. त्या बाईनं आईचा हात सोडला नाही. पण आई फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी असते. रविवार सोडून बाकीचे चार दिवस तुमच्या खुर्च्यांवर कोण कोण बसतं, कुणाकुणाच्या बायका कुणाच्या ओठांकडं बघत बसल्या आहेत, ते आम्हाला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुमच्याकडं फाइली आहेत.

आमटी लिक्विड असते हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, असं तुम्हीच म्हणालात. मग त्या कागदावर तो एक शब्द का नाही? तो कोण लिहिणार आहे, कुठल्या तारखेला लिहिणार आहे, आणि तोवर लालासाहेबांना चोर म्हणायचं कोण थांबवणार आहे? तोंडी नको. माझा पत्ता तुमच्या फाइलीत आहे. लेखी उत्तर द्या.